पाच तारखेचं पाणी

मलकापूरच्या स्टँडसमोरून सुटणाऱ्या काळीपिवळीत नऊ माणसं बसतात, असं सरकारचं म्हणणं. शकीलभाईंचं म्हणणं चौदा. या दोन मतांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, अगदी मागच्या बाकावर, तीन फेब्रुवारीच्या सकाळी गजेंद्र वानखडे बसला होता आणि त्याच्या मांडीवर एका अनोळखी मुलीचा खोका होता.

तिनं विचारून ठेवला नव्हता. चढली, बसली, खोका त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "धरा जरा. काच आहे."

"काय आहे यात?"

"रिकाम्या बाटल्या."

"रिकाम्या बाटल्या इतक्या जपून नेतात?"

"भरलेली फुटली तर पाणी सांडते. रिकामी फुटली तर तीन ठिकाणी अर्ज करा लागते."

गजेंद्रनं खोका दोन्ही हातांनी धरला. अर्ज म्हणजे काय असतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं; अर्ज जिथं जाऊन पोचतात तिथंच तो नोकरीला होता.

गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना हरभरा सोंगून पडलेला, वाऱ्याला त्याचा आंबूस खारट वास. तिची ओढणी सारखी उडून त्याच्या खांद्यावर येत होती आणि ती दर वेळी चिडून ओढून घेत होती — जणू चूक खांद्याची होती. तिच्या बोटांवर निळी शाई होती. कपाळावर आठी होती, आणि ती आठी तिथं कायमची राहायला आलेली असावी असं वाटत होतं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिनं निरोप वाचला आणि आठीच्या शेजारी दुसरी आठी आली.

"वाईट बातमी?" गजेंद्रनं विचारलं.

"बातमी नाही, माणूस आहे. वानखडे म्हणून. दिल्लीत बसते. येऊन राह्यला म्हणे गावात, सहकार्य करा म्हणे."

गजेंद्रच्या हातातल्या बाटल्या एकदा किणकिणल्या.

"भेटलात कधी त्यांना?"

"भेटायची गरजच काय? पत्रं आहेत ना. तीन." तिनं बोटं मोडली. "'आपले आकडे संशयास्पदरीत्या स्थिर आहेत.' संशयास्पदरीत्या! असा शब्द लिहिणारा माणूस घरी बायकोशी कसा बोलत असन?"

"लग्न झालेलं नसेल."

"करन कोण?"

गेली एकतीस वर्षं याचं उत्तर कोणाला सापडलेलं नव्हतं.

"मग तुम्ही काय कळवलंत?" त्यानं शक्य तेवढ्या तिऱ्हाइताच्या आवाजात विचारलं.

"एकच ओळ. 'पाणी मर्यादेत आहे. आपणही राहावे.'"

आता मात्र तो हसला. ती ओळ त्यानं छापून दिल्लीतल्या टेबलासमोर चिकटवली होती. कार्यालयातल्या लोकांना ते जलसंधारण खात्याचं घोषवाक्य वाटत असे. गेले चार महिने तो रोज सकाळी ते वाचून कामाला लागत होता, आणि लिहिणारी कोण असेल, याचा विचार जरा जास्तच करत होता.

"हसता काय?"

"उत्तर छान आहे."

"छान नाही. रागात लिहिलेलं आहे."

"ते... कळतं."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे तपकिरी होते, आणि आठ्या असल्या तरी हसू दाबताना डावा कोपरा हलायचा. "तुम्ही काय करता?"

"मी... पत्रव्यवहार बघतो."

खारी सावळीच्या फाट्यावर गाडी थांबली. सरपंच उकंडराव झेंडूचा हार घेऊन उभे होते. ते दोन्ही हात पसरून आले आणि म्हणाले, "या वानखडे सायेब, या. अन् महामाया म्याडम बी संगच? वा, ओळख झाली म्हना की."

महामाया इंगळेनं आपला खोका त्याच्या मांडीवरून उचलला. तिच्या न बोलण्यानं गाडीतली उरलेली बारा माणसं शांत झाली.

*

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. पूर्णा नदीच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, चहा फाटतो, आणि माणसाची किडनी वयाआधी म्हातारी होते. खारी सावळीतल्या कलाबाईंचा नवरा निवृत्ती आठवड्यातून दोनदा अकोल्याला जाऊन रक्त धुऊन आणतो. गावात असे नऊ जण.

मग एका लांबच्या श्रीमंत देशानं आपल्या देशाला मैत्रीखातर पाणी गोड करणारी एक मशीन दिली. आपल्या देशानं ती खारी सावळीला दिली. मशीनवर दोन झेंडे होते आणि एक संगमरवरी पाटी. पाटी मशीनपेक्षा जड होती. आता आपला देश तशाच चाळीस मशिनी टांझानियातल्या सिंगिडा भागातल्या चाळीस गावांना देणार होता, कारण तिथंही पाणी असंच. याला विज्ञान सहकार्य म्हणतात. एकानं दिलेलं दुसऱ्यानं तिसऱ्याला द्यायचं आणि तिघांनी फोटोत यायचं. करारावर पाच तारखेला, याच गावात, मांडव घालून सह्या व्हायच्या होत्या.

महामाया रोहिणखेडची, रसायनशास्त्रातली एम.एस्सी., कंत्राटी पाणी तपासनीस. मलकापुरात खोली घेऊन राहायची. जागा मंजूर झाली होती या मशीनसाठी, पण एकोणीस गावं होती तिच्याकडे आणि प्रत्येक गावाची तारीख ठरलेली. खारी सावळीची पाच; या खेपेला पाचला मांडव होता, म्हणून ती दोन दिवस आधी आली होती. दर पाच तारखेला ती यायची, मशीनच्या टाकीतलं पाणी तपासायची, त्यातल्या क्षारांचा आकडा पाठवायची. पहिले तीन महिने आकडा शंभराच्या आसपास आला. मग एकदम तीनशे दहा. आणि पुढे आठ महिने तीनशे दहाच. पाचशेच्या आत म्हणजे पिण्यालायक. सगळे खूश होते. फक्त दिल्लीतल्या वानखडेनं विचारलं होतं की मशीन जुनी होते तसा आकडा हळूहळू चढायला हवा. तो एकदम उडी मारून जागीच कसा बसला? पाणी इतकं शिस्तीत वागत नाही.

महामायाला राग फक्त त्याचाच आला नव्हता. तिला गावातल्या बायांचाही यायचा. दाराशी गोड पाणी असताना या बाया अजून तीन किलोमीटरवरच्या मळ्यातल्या विहिरीवरून गुंडानं, म्हणजे डोक्यावरच्या पितळी घागरीनं, पाणी आणत. तिनं त्यांना विज्ञानावर चार व्याख्यानं दिली होती. बाया पदर डोक्यावर घेऊन ऐकायच्या, "हाव म्याडम, खरं हाये म्याडम" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंड घेऊन निघायच्या.

*

"बघा तुमच्या डोळ्यांनी," मशीनच्या खोलीत शिरताना ती म्हणाली. फाट्यापासून इथवरची ही पहिली ओळ. "काय संशयास्पद आहे ते दाखवा मले."

"मी गाडीतच सांगायला हवं होतं... की मीच तो."

"हाव. पण तुम्ही पत्रव्यवहार बघता ना. तोंडी व्यवहार कशाले बघसान?"

"एक ग्लास पाणी मिळेल?"

तिनं नळाखाली ग्लास भरून त्याच्यापुढे धरला. मान उंच, भुवया उंच. आपल्या लेकराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा तो ग्लास धरला होता तिनं.

गजेंद्रनं एक घोट घेतला आणि थांबला. चार महिने ज्या शंकेनं त्याची झोप उडवली होती ती आत्ता त्याच्या जिभेवर होती, मिठासारखी. जिंकला होता तो. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं... आणि डोळे मिटून अख्खा ग्लास पिऊन टाकला.

"कसं आहे?"

"...थंड आहे."

माणसं प्रेमात पडल्यावर पहिला खोटा शब्द कशाबद्दल बोलतात याची कोणी नोंद ठेवत नाही. हा पाण्याच्या तापमानाबद्दल होता.

"थंड आहे म्हणजे?" तिनं ग्लास हिसकावला, पुन्हा भरला, तोंडाला लावला. मग पिशवीतून मीटर काढला, पाण्यात बुडवला. दोन हजार नऊशे चाळीस. पुसला, पुन्हा बुडवला. बॅटरी बदलली. दोन हजार नऊशे चाळीस.

"मीटर बिघडला," ती म्हणाली, पण स्वतःलाच.

दारात कलाबाई उभ्या होत्या, कमरेला खोलीची किल्ली. "मीटर नाई बिघडला पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "आज तीन तारीख हाये. तू पाचले येते ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मशीन चौथ्या महिन्यातच बंद पडली होती. उकंडरावांनी जिल्ह्याच्या गावी फोन केला. तिकडून उत्तर आलं की सुटा भाग परदेशातून येईल, वेळ लागेल. पण मशीन बंद असल्याचं कागदावर आलं, तर तिच्यासाठी मंजूर झालेली तपासनिसाची जागाही बंद होईल. बायांनी देवळाच्या ओट्यावर बसून ठराव केला. त्या दिवसापासून दर चार तारखेच्या संध्याकाळी गावातल्या बेचाळीस बाया मळ्यातल्या विहिरीचं गोड पाणी डोक्यावरून आणून मशीनच्या टाकीत ओतत होत्या. एकेक गुंड. पाच तारखेसाठी.

"आठ महिने?" महामायाचा आवाज फाटला. "आठ महिने तुम्ही मले उल्लू बनवलं? माझ्या सहीनं? मी तुमाले अडाणी म्हणो, अन् तुम्ही... हाव म्याडम, हाव म्याडम?"

"तू बोले तवा वाईट वाटे थोडंसं," कलाबाई म्हणाल्या. "पण मशीन गेली तर गेली, पोरगी जाऊ द्यायची नाई असं ठरलं होतं. ह्यांचे अकोल्याचे कागद कोन वाचन? मागच्या पावसाळ्यात तू रिपोट वाचला अन् म्हटलं आत्ताच न्या, म्हून ह्ये जिते हायेत. मशीननं कोनाचा जीव वाचवला सांग मले."

उत्तर देता येत नाही तेव्हा राग दुप्पट येतो. ती पाय आपटत खोलीबाहेर गेली.

*

मागच्या निंबाखाली ती उकिडवी बसली होती. गजेंद्र चार हात अंतरावर येऊन उभा राहिला.

"बोला," ती वर न बघता म्हणाली. "बोला एकदाचं. 'मी म्हणत नव्हतो?'"

"नाही बोलणार."

"काऊन? तीन पत्रं लिहिली, आता तीन शब्द जड झाले?"

"कारण मलाही काही सांगायचंय." तो खाली बसला, पँटला माती लागेल याचा विचार न करता. "माझी शंका मी या कराराच्या अहवालात लिहिली होती. तळटीप म्हणून. साहेबांनी ती काढली — म्हणाले, पान पुढे सरकतं. आणि मी... सही केली."

तिनं मान वळवली. निंबाच्या पानांची सावली तिच्या गालावर थरथरत होती, की गालच थरथरत होता, कळत नव्हतं. "म्हणजे तुमाले माहीत होतं."

"शंका होती."

"शंका होती अन् सही केली. मी गाढवपणानं केली हो. तुम्ही हुशारीनं केली."

त्यानं मान खाली घातली. त्याला आजवर पुष्कळ प्रमाणपत्रं मिळाली होती. इतकं अचूक कोणतंच नव्हतं.

त्यानं तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. साहेब कधीच रागावत नसत. वरच्या पदाला राग लागत नाही. "वानखडे," ते म्हणाले, "पाच तारखेला पाणी गोड असतं ना? कार्यक्रम पाच तारखेलाच आहे. मग अडचण काय?"

"सर, त्या चाळीस गावांत..."

"हा करार मशीनचा नाही हो. मैत्रीचा आहे." फोन बंद झाला.

महामाया उभी राहिली. ओढणी कमरेला बांधली. "पान्हा आहे का शकीलभाईपाशी? मशीन खोलायची आहे मले. काय बिघडलं ते पाहू तरी."

चार तारखेचा अख्खा दिवस दोघं त्या खोलीत गुडघ्यांवर होती. शकीलभाईंचा पान्हा, कलाबाईंच्या घरची भाकरी, आणि भांडण.

"मी सांगणार पाहुण्यांना," ती नट फिरवत म्हणाली.

"अहवाल माझा आहे. मी सांगणार."

"आकडे माझे आहेत."

"तुमची नोकरी जाईल."

"तुमची?"

"माझीही जाईल बहुतेक."

"मग माझी गेल्यानं तुमचं काय जास्तीचं जाते?"

नट निघाला आणि दोघांचे हात एकदम त्याच्यावर पडले. ग्रीसनं काळे झालेले हात. तिनं आपला काढून घेतला — पण ओढणीसारखा झटकन नाही. जरा थांबून.

"उजेड धरा नीट," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर नाही, गाळणीवर."

गाळणीवर बोटभर जाडीचा पांढरा थर चढला होता, दगडासारखा. ती धुवायला रोज दोन तास वीज लागते. गावात वीज यायची ती शेतीपंपांच्या वेळापत्रकानं, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मध्येच जायची. ज्या देशात मशीन बनली तिथल्या कोणाच्या डोक्यात वीज जाऊ शकते हे आलंच नसावं, आणि इकडच्या कोणी सांगितलं नव्हतं, कारण पाहुण्यांसमोर घरचं रडगाणं गाऊ नये.

"एवढंसं कारण," गजेंद्र पुटपुटला. "मायले... आमच्या हिवरा आश्रम गावात बी हेच होईन. कुठं बी होईन."

तिनं चमकून पाहिलं. "तुम्ही मेहकराकडचे? मग दोन दिवस हे पुस्तकातलं कायले बोलून राह्यले?"

"दिल्लीत सवय लागली."

"सोडा ती. निदान शिव्या देताना."

ऊन उतरलं तशी बाहेर पावलं वाजली. गावातल्या बाया रांगेनं येत होत्या, डोक्यावर गुंड, चुंबळीवरून पाणी हिंदकळत होतं. चार तारीख होती. महामाया दारात आडवी उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "आजपासून नाही."

"पाहुणे येऊन राह्यले पोरी," कलाबाई म्हणाल्या. "गावाची लाज जाईन. अन् तुयी नोकरी..."

"जाऊ द्या. तिकडं बी बाया आहेत, मावशी. तिकडं बी कोणाचा तरी नवरा आठवड्यातून दोनदा कुठं तरी जाते. त्यायच्या गावात ही बंद पडलेली पेटी मी माझ्या सहीनं पाठवू?" तिचा आवाज चढतच गेला. "रागवायचं तं रागवा माझ्यावर. मी बी रागावलेली आहे. तुमच्यावर, स्वतःवर, ह्यांच्यावर, ह्यांच्या दिल्लीतल्या साहेबावर. पण पाणी ओतू देणार नाही."

बाया उभ्याच राहिल्या. मागून कोणी तरी म्हणालं, "मंग ह्या पान्याचं काय करावं आता? तीन किलोमीटरवरून आनलं बाप्पा."

"वरण करा," महामाया म्हणाली आणि तोंड फिरवलं, कारण तिला रडू येत होतं आणि ते रागातच बसतं की नाही याची तिला खात्री नव्हती.

*

पाच तारखेला मांडवात दोन देशांचे झेंडे, सनई आणि साहेब होते. साहेबांनी ज्ञानाच्या पुलावर वीस मिनिटं भाषण केलं. टांझानियाच्या पथकाच्या प्रमुख डॉ. नेमा या पन्नाशीच्या, ठेंगण्या, शांत बाई होत्या. त्या ऐकताना मशीनकडे बघत होत्या, साहेबांकडे नाही. गजेंद्र त्यांच्या शेजारी दुभाषा म्हणून बसला होता.

तबकात ग्लास आला. साहेब म्हणाले, "सहीआधी आमच्या मैत्रीचा एक घोट."

"पिऊ नका," महामाया मागच्या रांगेतून उठून म्हणाली. नेमक्या त्याच क्षणी गजेंद्रही उठला आणि इंग्रजीत तेच म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे चिडून पाहिलं. आदल्या दिवशीचं भांडण अजून मिटलेलं नव्हतं.

साहेबांचं हसू जराही हललं नाही. "वानखडे, भाषांतर करा. बाई म्हणतात, पाणी फार थंड आहे."

"सर, हे वाक्य मी एकदा बोललोय," गजेंद्र म्हणाला. "पुन्हा नाही जमणार."

मग महामाया बोलली. चार तारखेच्या संध्याकाळी, बेचाळीस गुंड, तीनशे दहा, रोजची दोन तास वीज, सगळं. गजेंद्र एकेक वाक्य इंग्रजीत करत होता. शेवटी ती म्हणाली, "न विचारता, न चाखता मी आठ महिने सह्या केल्या. ही चूक माझी आहे." गजेंद्रनं इंग्रजीत सांगितलं की ही चूक आमची आहे.

"मी 'माझी' म्हटलं," ती भर मांडवात त्याच्यावर खेकसली. "इंग्रजी येते मले."

"माझ्या भाषांतरात 'आमची' येतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. बायांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली आणि कलाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

डॉ. नेमांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि हळूहळू गिळला. मग त्यांनी विचारलेल्या प्रश्नांचा मैत्रीशी काही संबंध नव्हता. पहिल्यांदा काय तुंबलं? कितव्या दिवशी? वीज किती तास? कोणी उघडून पाहिली? महामाया आत जाऊन ती पांढरी गाळणी घेऊन आली. नेमाबाईंनी तिच्यावर नख ओढून पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसल्या.

"आमच्याकडे मंत्री यायचे असले की बायका बादल्यांनी टाकी भरतात," त्या म्हणाल्या. "आजवर सहा देशांत मला चमत्कार दाखवले. ती कशी बंद पडली ते पहिल्यांदाच कोणी दाखवलं. मला मशीन नको. बंद पडण्याची नोंद द्या, अकरा महिन्यांची, खरी."

"करारात तशी तरतूद नाही," साहेब म्हणाले.

"मग करार राहू द्या," त्या म्हणाल्या. ती गाळणी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली, आपल्या पर्समध्ये घातली आणि जेवायला बसल्या. वरण दोनदा मागून घेतलं.

महामायाचं कंत्राट संपल्याचं पत्र त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत तिच्या मोबाइलवर आलं. सुट्या भागासाठी त्याच जिल्हा कार्यालयाला आठ महिने पुरले नव्हते. गजेंद्रला दिल्लीत हजर होऊन खुलासा द्यायचा होता. त्यानं आजारपणाची रजा टाकली, बारा दिवसांची. कोणता आजार, या रकान्यात काय लिहावं ते त्याला बराच वेळ सुचलं नाही. शेवटी पोटाचा विकार लिहिलं. दोन हजार नऊशे चाळीसचा ग्लास प्यायलेल्या माणसाला ते शोभूनही दिसलं.

ते बारा दिवस दोघांनी नोंद लिहिली. कलाबाईंच्या ओसरीवर बसून, बायांना विचारून विचारून. बायांना तारखा आठवत नव्हत्या, पण मशीन पहिल्यांदा घरघरली ते अक्षय्य तृतीयेला, आणि थेंब थेंब झाली ते निवृत्तीला सूज आली त्या हप्त्यात, हे पक्कं ठाऊक होतं. महामाया मलकापुरातून रोज यायची. नोकरी नव्हती, तरी यायची. पहिले निवृत्तीचे कागद वाचायची, मग नोंदीला बसायची. बायांनी दोन दिवस वाट पाहिली की ही आता थांबेल. तिसऱ्या दिवशी वाट पाहणं सोडून तिच्या वाटणीची भाकरी टाकायला लागल्या.

बाराव्या दुपारी शेवटचं पान झालं. ओसरीवर ऊन कलंडलं होतं. कुठून तरी हरभऱ्याच्या सोल्याच्या भाजीचा वास येत होता. गजेंद्रनं कागद सारखे केले. पुन्हा सारखे केले.

"उद्याची गाडी आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तिकडं बहुतेक काढूनच टाकतील. मग... इकडंच काही तरी करावं म्हणतो. नेमाबाईंचं पत्र आलं तर दोन माणसं लागतीन त्या कामाले." त्याचं पुस्तकातलं मराठी दुसऱ्या वाक्यालाच त्याला सोडून गेलं. "महामाया, तुमचा... तुमचा राग गेला का माझ्यावरचा?"

"नाही."

"बरं."

"काय बरं? ऐकून घ्या पुरतं." ती त्याच्याकडे बघत नव्हती, बोटावरची शाई अंगठ्यानं घासत होती. "सकाळी उठलं की पहिले तुमचा राग येते मले. चहा ठेवला की येते. गाडीत बसलं की येते. तुमची तीन पत्रं आली तवापासून. मले वाटे हे कामाचं आहे, काम सुटलं की सुटन." तिनं श्वास घेतला. "काम सुटून बारा दिवस झाले. राग येऊनच राह्यला. आज सकाळी उठली अन् आठवलं की उद्या तुम्ही जाता... तं इतका आला, इतका आला, की माझ्यानं वेणी घालवली नाही."

गजेंद्रनं पाहिलं. केस खरंच मोकळे होते. दुपारभर त्याला वाटत होतं की आज तिच्यात काही तरी वेगळं आहे, आणि काय ते विचारायची छाती झाली नव्हती.

"मलेही येते," तो म्हणाला. "तेव्हापासूनच."

"कोणाचा?"

"दिल्लीचा. इतकी लांब आहे म्हणून."

डाव्या कोपऱ्यातलं हसू महामायानं दाबलं, ते दाबलं गेलं नाही, म्हणून तिनं त्याच्या हातातले कागद ओढून घेतले आणि उगाच तपासायला लागली. शाईचं बोट त्याच्या बोटाला लागलं आणि तिथंच राहिलं.

आतून निवृत्तीचा बारीक आवाज आला, "काय म्हनते ते पोरगं?"

"काई नाई," कलाबाई म्हणाल्या. "भांडून राह्यले. तुमी पडा."